गाठीच्या पोटातली बावीस अक्षरे

देवगडच्या माणसाला साका म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आंबा बाहेरून पिवळाधमक, वास घरभर, बोटाला हवा तेवढा मऊ. आणि कापला की बाठ्याभोवती पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. हापूसच्या बागायतदाराची निम्मी काळजी या साक्याची असते. आंबा चौदा आणे तयार झाला की काढा, काढल्यावर उन्हात ठेवू नका, पाण्यात टाकून तरंगणारे फळ बाजूला करा, असे उपाय आपण करत आलो. क्ष-किरणांनी साका शोधण्याचेही प्रयोग झाले. तरी पेटी भरणाऱ्या माणसाच्या हातात दोन सारखे आंबे आले, तर त्यातला कोणता कसा निघेल हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी हंगाम सरता सरता आमच्या भागातले एक गृहस्थ मुंबईहून आणलेली फाइल घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला सकाळी उठल्यावर उलट्या व्हायच्या, डोके दुखायचे. पुढे चालताना तोल जाऊ लागला. आधी पित्त म्हणून, मग नजर लागली म्हणून, मग चष्म्याचा नंबर असेल म्हणून दीड महिना गेला. शेवटी एमआरआय केला आणि लहान मेंदूत गाठ दिसली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या फाइलमधल्या एका कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "भाऊनू, ह्यां काय लिवलां हा?" कागदावर गाठीचे नाव होते, 'मेडुलोब्लास्टोमा'. त्याखाली आणखी एक ओळ होती, 'मॉलिक्युलर सबग्रुप'. त्यांचे बोट त्या दुसऱ्या ओळीवर होते.

मी डॉक्टर नाही. विज्ञानाचे निबंध मिळतील तिथून मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागलेला माणूस आहे. उपचाराबद्दल मी त्यांना एक शब्दही बोललो नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. पण त्या ओळीचा अर्थ सांगण्याचा प्रयत्न केला. ऐकून झाल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "मगे ह्येच्यार औषद आसा मा?" ही गाठ नेमकी कोणती, आणि तिच्यावर औषध आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मायक्रोआरएनए नावाच्या एका अतिसूक्ष्म रेणूपाशी येऊन भेटतात. त्यातले बरेचसे काम आपल्याच राज्यात, नवी मुंबईतल्या खारघर येथे झाले आहे. म्हणून हा लेख.

कापूनही न दिसणारा साका

मेडुलोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा. तो लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागात वाढतो. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकी डॉक्टरांनी १९२५ साली त्याला हे नाव दिले. गाठीच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून खाली पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी काम संपत नाही. साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांना पूर्ण मेंदू आणि पूर्ण कणा यांवर किरणोपचार द्यावे लागतात, त्यानंतर रसायनोपचार. कमी जोखमीच्या मुलांना मेंदू आणि कण्यावर साधारण २३.४ ग्रे, तर जास्त जोखमीच्यांना ३६ ग्रे एवढी किरणांची मात्रा देण्याची पद्धत आहे. मूळ गाठीच्या जागेवर मात्रा याहून वाढवली जाते.

या उपचाराने मुले वाचतात, आणि त्याची किंमतही मोजतात. वाढत्या मेंदूवर किरण पडले की पुढे अभ्यासात, स्मरणात, कामाच्या वेगात फरक पडतो. कण्याची वाढ खुंटते, ग्रंथींचे काम बिघडते, उंची कमी राहते. मूल जितके लहान तितके नुकसान अधिक. म्हणजे डॉक्टरांपुढे पेच असा : मात्रा कमी केली तर आजार उलटण्याची भीती, जास्त दिली तर वाचलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य अवघड. कोणत्या मुलाला किती, हे कशावरून ठरवायचे?

पूर्वी ते ठरायचे मुलाचे वय, शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ आणि आजाराचा पसार यांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे तुकडे पाहिले जात, पण तिथे अनेक गाठी एकसारख्याच दिसत. एकसारख्या दिसणाऱ्या गाठी असलेल्या दोन मुलांपैकी एक ठणठणीत होई आणि दुसऱ्याचा आजार वर्षा-दोन वर्षांत परत येई. आंब्याचा साका निदान कापल्यावर तरी कळतो. इथे कापून, काचेवर घेऊन, रंगवून पाहिले तरी कळत नव्हता.

पेशींतल्या जनुकांच्या हालचाली मोजण्याची साधने आल्यावर हे कोडे सुटू लागले. मेडुलोब्लास्टोमा हा एक आजार नसून निदान चार आहेत, यावर २०१२ च्या सुमारास जगभरच्या संशोधकांचे एकमत झाले. त्यांची नावे विंट, एसएचएच, गट ३ आणि गट ४. पहिली दोन नावे त्या गाठींत बिघडलेल्या संदेशमार्गांवरून पडली. विंट गट सर्वांत लहान, सुमारे दहा टक्के रुग्णांचा. पण त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुले उपचारांनी बरी होतात. गट ३ मध्ये, विशेषतः ज्या गाठींत 'मिक' नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात त्यांत, परिस्थिती सर्वांत बिकट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात ही रेणवीय ओळख निदानाचा भाग म्हणून स्वीकारली. त्या गृहस्थांचे बोट जिथे होते ती ओळ म्हणजे हीच ओळख.

कृमीपासून माणसापर्यंत

आता मायक्रोआरएनएकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए हा मूळ दस्तऐवज असतो. त्यातल्या हव्या त्या जनुकाची नक्कल करून आरएनएचा धागा बाहेर पडतो. त्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात. या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते आणि प्रथिने काम करतात. आपण शाळेत शिकलो ते एवढेच. पण बागेतून माल निघाला म्हणजे तो बाजारात पोचलाच असे नसते. वाटेत नाके असतात. पेशीतही नक्कल निघाल्यानंतर प्रथिन बनेपर्यंत तिला अडवणारी व्यवस्था असते. मायक्रोआरएनए हा त्या व्यवस्थेतला महत्त्वाचा घटक.

संदेशवाहक आरएनए हजारो अक्षरांचा असू शकतो. मायक्रोआरएनए जेमतेम बावीस अक्षरांचा. त्यातली सुरुवातीची सहा-सात अक्षरे एखाद्या संदेशवाहकाच्या शेपटाकडच्या अक्षरांशी जुळली, की तो काही प्रथिनांच्या साथीने तिथे जाऊन बसतो. मग त्या संदेशापासून प्रथिन बनणे मंदावते किंवा तो संदेशच मोडीत निघतो. जुळायला एवढीच थोडी अक्षरे पुरत असल्याने एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या संदेशांना आवर घालू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तीच अडचण बनून येणार आहे.

हा शोध लागला एक मिलीमीटर लांबीच्या मातीतल्या कृमीत. अमेरिकेतले व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकून हे दोघे त्या कृमीची वाढ वेळच्या वेळी कशी होते याचा शोध घेत होते. लिन-४ नावाचे एक जनुक बिघडले की कृमी बाल्यावस्थेतल्याच पायऱ्या पुन्हापुन्हा चढत राही. हे जनुक प्रथिन बनवतच नाही, एक छोटासा आरएनए बनवते, असे अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत दिसले. रुव्हकून यांच्याकडे लिन-१४ हे दुसरे जनुक होते. १९९२ साली दोघांनी आपापले अक्षरक्रम ताडून पाहिले, तेव्हा एकाचे तुकडे दुसऱ्याशी जुळले. १९९३ च्या डिसेंबरात दोघांचे निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. कृमीतली एक गंमत म्हणून विज्ञानजगताने ते बाजूला ठेवले. २००० साली रुव्हकून यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा असा रेणू सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे आहे असे दिसले, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. माणसातले दोन हजारांहून अधिक मायक्रोआरएनए आता नोंदले गेले आहेत. त्यांना 'मिर' हे छोटे नाव आणि पुढे क्रमांक दिला जातो : मिर-२१, मिर-१२२, असे.

कर्करोगाशी त्यांचे नाते २००२ साली प्रथम उघड झाले. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार हरवलेला असतो, त्यात मिर-१५ आणि मिर-१६ यांची जागा आहे, असे कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले. आवर घालणारे रेणू हरवले, आणि पेशी मोकाट सुटल्या.

मेणातला पुरावा

खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तिचे मूळ १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ वाचण्याची विद्या या देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच परंपरेतल्या संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने, सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते मायक्रोआरएनएवरून वाचता येईल का, या प्रश्नावर बरीच वर्षे काम केले.

२०१० च्या सुमारास त्यांच्या गटाने दाखवले की विंट गटातल्या गाठींत काही मायक्रोआरएनए ठळकपणे वाढलेले असतात. इतर गाठींत तो नमुना नसतो. म्हणजे गाठीची ओळख सांगणारी अक्षरे सापडली. त्यावरून २०१३ मध्ये त्यांनी एक चाचणी मांडली. बारा जनुके आणि नऊ मायक्रोआरएनए यांचे प्रमाण मोजायचे आणि त्यावरून गाठ चारपैकी कोणत्या गटातली ते ठरवायचे.

हे प्रमाण मोजण्याचे यंत्र तुमच्या ओळखीचे आहे. कोरोनाच्या वर्षांत घरोघर पोचलेले आरटीपीसीआर तेच. त्यात रेणूंची संख्या प्रत्येक फेरीत दुप्पट होते. रेणू मुळात जितके जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत ते यंत्राला दिसतात. पाच फेऱ्यांचा फरक म्हणजे मूळ संख्येत सुमारे बत्तीस पटींचा फरक. शेकडो जनुके एकदम मोजणाऱ्या महागड्या तंत्रांच्या मानाने हे काम स्वस्त, आणि अशी यंत्रे कोरोनानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत.

पण या चाचणीचे खरे मर्म मेणात आहे. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मग पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. हा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो, डब्यात घालून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतो. अडचण अशी, की फॉर्मॅलिनमध्ये आरएनएचे लांब धागे तुटतात. हजारो अक्षरांच्या संदेशाचे तुकडेतुकडे होतात आणि मोजणी फसते. ताजा तुकडा तत्काळ गोठवून ठेवावा तर त्यासाठी लागणारी सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच. मायक्रोआरएनए मुळातच बावीस अक्षरांचा. त्यात तुटण्यासारखे फारसे नाही. मेणात जाऊनही तो बहुधा शाबूत राहतो. फाटून चिंध्या झालेल्या वहीतही एखादी छोटी चिठ्ठी सबंध सापडावी, तसे हे.

देवगड, वैभववाडी, किंवा गडचिरोलीसारख्या ठिकाणच्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. शस्त्रक्रिया जिथे कुठे झाली असेल तिथून तो मेणाचा ठोकळा तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे गेला, तरी गाठीची ओळख पटू शकते. आजाराची ओळख पटवणाऱ्या अशा खुणेला वैद्यकात 'बायोमार्कर' म्हणतात. बायोमार्कर चांगला की वाईट, हे तो प्रयोगशाळेत किती नेमका यावरच ठरत नाही. गरजू रुग्णाच्या तुकड्यावर तो चालतो का, यावरही ठरते.

२०१९ मध्ये याच गटाने आणखी एक खूण पुढे आणली, मिर-२०४. गट ३ आणि गट ४ च्या ज्या गाठींत मिर-२०४ फार कमी असतो, त्या अधिक आक्रमक असतात आणि ती मुले कमी जगतात, असे त्यांना दिसले. म्हणजे एका गटाच्या आतही कोणाची जोखीम जास्त, याचा माग लागू शकतो.

ओळख पटली, तरी सावधपणे

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विंट गटातली मुले इतकी चांगली बरी होतात, तर त्यांना किरण कमी दिले तर चालेल का? जगभर या प्रश्नावर चाचण्या सुरू आहेत. टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी एक धाडसी चाचणी करून पाहिली : विंट गटातल्या निवडक मुलांना पूर्ण मेंदू आणि कण्यावर किरण न देता फक्त गाठीच्या जागेपुरते द्यायचे. काही मुलांत आजार त्या जागेबाहेर उलटला आणि चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. पूर्ण मेंदू-कण्याचे किरण सोडून देता येत नाहीत. मात्रा मात्र १८ ग्रेपर्यंत उतरवता येईल का, हे आता पाहिले जात आहे.

मला यात अपयश दिसत नाही. काही मुलांना त्याची झळ बसली, हे विसरता येत नाही. पण 'चांगला गट' म्हणजे 'उपचार नकोत' असा अर्थ लावता येत नाही, हे नियमात बांधलेल्या, वेळेवर थांबवलेल्या चाचणीमुळेच कळले. ओळख उपचार ठरवायला मदत करते, उपचाराची जागा घेत नाही. इंटरनेटवर गटाचे नाव शोधून, किरण टाळता येतील म्हणून मुलाला मध्येच घरी आणण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मग औषध?

आता दुसरा प्रश्न. गाठीत जो मायक्रोआरएनए कमी पडला आहे, तो बाहेरून घालता येणार नाही का? आणि जो नको इतका वाढला आहे, तो अडवता येणार नाही का?

तर्क सरळ आहे, आणि खारघरच्याच प्रयोगशाळेने त्याची पहिली पायरी चढून दाखवली. मिर-१९३ए हा रेणू विंट गाठींत भरपूर, पण इतर गटांत दबलेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी तो गट ३ च्या, मिक जनुक वाढलेल्या पेशींत पुन्हा आणला. पेशींची वाढ मंदावली आणि उंदरांच्या मेंदूत गाठ धरण्याची त्यांची ताकद घटली. कारण विचार करण्याजोगे आहे. मिक हे प्रथिन अनेक कर्करोगांचे मूळ, पण त्याला औषधाने पकडणे फार कठीण. औषधाचा रेणू अडकावा अशी खाच त्याला जवळजवळ नाहीच. मात्र मिकला काम करताना 'मॅक्स' नावाच्या जोडीदाराची गरज लागते. मिर-१९३ए नेमका मॅक्सच्या संदेशावर बसतो. दांडग्याला धरता येत नसेल, तर त्याचा साथीदार अडवायचा.

पण पेशीपासून उंदरापर्यंत आणि उंदरापासून मुलापर्यंतची वाट फार लांब असते. जगाचा अनुभव पाहा. यकृतातल्या मिर-१२२ चा हेपॅटायटिस सी विषाणू स्वतःसाठी वापर करतो. मिर-१२२ ला अडवणारे मिराव्हिर्सेन हे औषध ३६ रुग्णांवर तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू लक्षणीय घटला. पण त्याच काळात विषाणूवर थेट काम करणाऱ्या परिणामकारक गोळ्या आल्या आणि हे इंजेक्शन मागे पडले. त्याच मिर-१२२ वरच्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचण्यांत काविळीचे रुग्ण आढळल्याने ते थांबले. मिर-३४ए ची कृत्रिम नक्कल कर्करोगाच्या रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये बंद करावी लागली. प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांनी चार रुग्ण दगावले होते. सध्या आशा आहे ती मिर-१७ ला अडवणाऱ्या, मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक आजारावरच्या औषधावर. २०२५ मध्ये नोव्हार्टिसने ते बनवणारी कंपनीच विकत घेण्याचे जाहीर केले. पण हा लेख लिहीपर्यंत मायक्रोआरएनएवर आधारित एकही औषध बाजारात मंजूर झालेले नाही.

अडखळण्याची कारणे दोन. एक, पोचवणे. आरएनएचा उघडा तुकडा रक्तात क्षणात मोडतो, आणि टिकवला तरी बहुतेक वेळा यकृतात अडकतो. मेंदूभोवती तर रक्तातल्या बहुतेक रेणूंना आत येऊ न देणारी भिंतच आहे. दुसरे कारण वर सांगितलेले : एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना आवर घालतो. गाठीत ते गुणकारी, पण हाच रेणू निरोगी पेशींत शिरला तर तिथेही शेकडो कामे ढवळून निघतात. जो गुण त्याला इतकी चांगली खूण बनवतो, तोच त्याला अवघड औषध बनवतो.

म्हणून या विषयावरची बातमी वाचताना एक साधा प्रश्न विचारावा : हे ओळखण्याबद्दल आहे की बरे करण्याबद्दल? ओळखण्याच्या बाबतीत मायक्रोआरएनए आज हाताशी आला आहे. बरे करण्याच्या बाबतीत तो अजून वाटेवर आहे. दोन्हींची सरमिसळ करून 'कर्करोगावर रामबाण' असे मथळे देणाऱ्यांमुळे कणकवलीहून रात्रीची गाडी धरून परळला जाणाऱ्या बापाची फसवणूक होते.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच सांगितले, की बावीस अक्षरांचे औषध अजून तयार नाही. पण आपल्या मुलाची गाठ कोणती हे डॉक्टरांना कळले आहे, आणि किती किरण द्यायचे ते ठरवताना त्याचा उपयोग होणार आहे. दोन पेले चहा होईपर्यंत ते गप्प बसले. मग फाइल पिशवीत घालता घालता म्हणाले, दीड महिना आधी कोणी सांगितले असते तर. मायक्रोआरएनएइतकीच ही गोष्टही मला वाचकांपर्यंत पोचवायची होती. सकाळी डोके दुखून वारंवार उलट्या होणारे, चालताना झोकांड्या जाणारे मूल दिसले, तर नजर काढायला हरकत नाही. पण त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडेही न्यावे.

मुलाचे किरणोपचार पूर्ण झाले आहेत. ठरल्या वेळी तपासणीला ते दोघे मुंबईला जातात. या हंगामात त्यांनी माझ्याकडे डझनभर आंबे पाठवले. एकात साका निघाला.